पाहिलेलं आणि ऐकलेलं

६ जुलै २०२५, रविवार. त्या वर्षी आषाढी एकादशी आणि मुहर्रमची दहावी तारीख एकाच दिवशी आली होती. शेजारच्या घरात उपास, आमच्या घरात रोजा. दिवसभर पाऊस लागलेला. संध्याकाळी रोजा सोडताना खजुराबरोबर शेजारच्या वहिनींनी पाठवलेली साबुदाण्याची खिचडी होती. दिवस चांगला गेला असं म्हणत आम्ही दिवे मालवले.

रात्री उशिरा रस्त्यावरून पोलिसांच्या गाड्या जाऊ लागल्या. मग फोन वाजू लागले. पहिली बातमी आली की कोर्लईच्या समुद्रात संशयास्पद बोट दिसली आहे. थोड्या वेळानं कळलं, बोट पाकिस्तानची आहे. आणखी थोड्या वेळानं, बोटीतून माणसं उतरली आहेत. आणि मध्यरात्र उलटल्यावर, उतरलेली माणसं किनाऱ्यावरच कुणाच्या तरी घरात आहेत.

श्रोतेहो, कोर्लई म्हणजे आमच्या अगदी समोर. मध्ये कुंडलिकेचं मुख तेवढं. किल्ल्याच्या तटावर उभं राहिलं की पलीकडचा डोंगर दिसतो. त्यामुळे ही बातमी म्हणजे घरातलीच बातमी होती. पण माझी झोप उडाली ती शेवटच्या वाक्यानं. 'कुणाच्या तरी घरात' हे शब्द ऐकले की या किनाऱ्यावरच्या माझ्यासारख्या माणसाच्या पोटात गोळा येतो. त्या 'कुणाच्या तरी'त आपलं नाव बसू शकतं, हे आम्ही १९९३ पासून ओळखून आहोत.

त्या रात्री मी एक वही घेतली. पानाच्या मधोमध रेघ मारली. डाव्या बाजूला लिहिलं, 'पाहिलेलं'. उजव्या बाजूला, 'ऐकलेलं'. ही सवय मला कवितेनं लावलेली नाही. पन्नाशी उलटल्यावर घरी बसून, टपालानं आलेल्या पुस्तकांवर मी गुन्हेतपासाचा जो अभ्यास केला, त्यानं लावली. आज मला त्या अभ्यासाविषयी आणि त्याच्यामागच्या इतिहासाविषयी बोलायचं आहे.

याची सुरुवात झाली एका पोलीस शिपायामुळे. आमच्या आळीत भाड्यानं राहणारा हा मुलगा घाटावरचा. बारावी होऊन भरती झालेला आणि नोकरी सांभाळून मुक्त विद्यापीठातून बी.ए. करणारा. फौजदार व्हायची जिद्द. मराठीच्या पेपरासाठी तो माझ्याकडे यायचा, बंदोबस्त आटोपून, कधी कधी रात्री दहाला. "सर, एवढी एक कविता सांगता का?" मी कविता सांगायचो. मग चहा होईपर्यंत तो त्याच्या कामातलं काही सांगायचा. पंचनामा कसा लिहितात, मुद्देमालाला चिठ्ठी कशी लावतात, पंच मिळवताना कसा जीव जातो. मला त्याच्या गोष्टी माझ्या कवितांपेक्षा भरीव वाटू लागल्या.

एकदा मी विचारलं, "तुम्हाला तपास शिकवतात कोण?" तो हसला. म्हणाला, "कवायत शिकवतात, कायदा शिकवतात. तपास म्हणजे जुन्या माणसांबरोबर हिंडून जेवढा कळेल तेवढा."

माझी बी.ए. १९९२ ची. त्यानंतर परीक्षा म्हणून दिली नव्हती. २०२३ साली एका मुक्त विद्यापीठाच्या पदविकेला मी नाव घातलं. पोलीस यंत्रणा, फौजदारी न्याय आणि गुन्ह्याचा तपास असे विषय होते. घरात हसू झालं. बायको म्हणाली, "आता या वयात चोर धरणार काय तुम्ही?" मी म्हटलं, चोर नाही धरायचा, धरणाऱ्याचं डोकं कसं चालतं ते बघायचंय. हे उत्तर मी हसत दिलं खरं, पण त्यात थट्टा नव्हती. का नव्हती ते पुढे सांगतो.

टपालानं शिकवण्याची कल्पना तशी जुनी. इंग्लंडात १८४० साली पेनी पोस्ट सुरू झालं आणि आयझॅक पिटमननं लघुलिपीचे धडे टपालानं पाठवायला घेतले. आपल्याकडे दिल्ली विद्यापीठानं १९६२ साली पत्राद्वारे शिक्षण सुरू केलं, मुंबई विद्यापीठानं १९७१ साली. १९८५ साली दिल्लीत इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आलं आणि १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्या विद्यापीठाचं ब्रीद. रविवारच्या संमंत्रणाला जाऊन बसलात की ते ब्रीद डोळ्यांनी दिसतं. माझ्या बाकावर एक होमगार्ड होता, एक बँकेचा पहारेकरी, वकिलाकडे टंकलेखन करणाऱ्या एक बाई आणि मी. वर्गात सगळ्यांत म्हातारा मीच. सर वर्गात आले की आधी मलाच नमस्कार करायचे. त्यांना वाटायचं, विद्यापीठानं तपासणीला माणूस पाठवलाय.

पुस्तकं इंग्रजीत होती. मी टिपणं मराठीत काढू लागलो आणि एक गंमत ध्यानात आली. फिर्याद, गुन्हा, जामीन, कैदी, वकील, हवालदार हे शब्द अरबी-फारसीतून आलेले. ठाणं संस्कृतातल्या स्थानावरून. आणि साक्षीदार, पंचनामा? साक्षी संस्कृत, दार फारसी. पंच आपले, नामा फारसी. जिथे दोन माणसांनी मिळून एक गोष्ट खरी म्हणून लिहून द्यायची, तिथे मराठीनं शब्दसुद्धा दोन घरांतून आणून जोडलाय. मराठीत लिहिणारा मुसलमान म्हणून मला आयुष्यभर लोक विचारत आले, तुमची भाषा नेमकी कोणती? त्यांना दाखवायला हा एक शब्द पुरे, असं मला त्या रात्री वाटलं.

आता या विद्येच्या इतिहासाकडे येऊ. चार्ल्स नेपियरनं १८४३ नंतर सिंधमध्ये आयरिश कॉन्स्टॅब्युलरीच्या धर्तीवर पोलीस उभे केले. तोच साचा पुढे मुंबई इलाख्यात आला आणि १८६१ च्या कायद्यानं देशभर पसरला. हे पोलीस मुलूख ताब्यात ठेवण्यासाठी होते. तपास हे त्यांचं दुय्यम काम. याचा परिणाम काय झाला ते सरकारनंच नेमलेल्या आयोगानं लिहून ठेवलं. १९०२-०३ चा अँड्र्यू फ्रेझर यांचा हा आयोग. पोलिसांचं शिक्षण अपुरं, देखरेख अपुरी, लोकांच्या मनात ते लाचखाऊ आणि जुलमी, आणि लोकांचा विश्वास त्यांना मिळवता आलेला नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यानंतर प्रांतोप्रांती सी.आय.डी. आली, प्रशिक्षणाच्या शाळा निघाल्या. आपल्याकडची शाळा १९०६ साली पुण्याजवळ भांबुर्ड्याला सुरू झाली आणि १९०९ साली नाशिकला गेली. आजची महाराष्ट्र पोलीस अकादमी ती हीच.

पण शाळेत शिकवायचं काय? इथे मला एक पुस्तक भेटलं. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहराचा हान्स ग्रोस हा तपास करणारा दंडाधिकारी होता. त्याला तपास कुणी शिकवला नव्हता. पावलांचे ठसे, रक्ताचे डाग, साक्षीदाराची आठवण, अंधश्रद्धा, चोरांची भाषा असं जे जे कामात सापडलं, ते तो टिपत गेला आणि १८९३ साली त्याचं पुस्तक केलं. त्याचा इंग्रजी अनुवाद पहिल्यांदा निघाला तो लंडनला नव्हे, मद्रासला. १९०६ साली जॉन अॅडम आणि जे. कॉलियर अॅडम यांनी हिंदुस्थानातल्या दंडाधिकाऱ्यांसाठी आणि पोलिसांसाठी, इथल्या गरजेप्रमाणे फेरफार करून तो काढला. कुठलं ग्राझ आणि कुठलं मद्रास! म्हणजे ही विद्या या देशातल्या ठाण्यांत आली तीच मुळी पुस्तकातून, लांबून. दूरशिक्षणाचा विद्यार्थी म्हणून मला त्याचं फार बरं वाटलं.

ही विद्या सगळीच बाहेरून आली असंही नाही. १८९७ साली बोटांच्या ठशांचं जगातलं पहिलं कार्यालय कलकत्त्यात उघडलं. ठसे गोळा करणं सोपं होतं. हजारो ठशांतून हवा तो शोधायचा कसा, हा प्रश्न होता. तो सोडवला अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन बंगाली कर्मचाऱ्यांनी. हक गणितातले. ठशांची वर्गवारी करून १,०२४ कप्प्यांत कागद लावायचे, अशी त्यांची मांडणी. जगात ती पद्धत ओळखली जाते ती त्यांचे साहेब एडवर्ड हेन्री यांच्या नावानं. त्याच सुमाराला जलपायगुडी जिल्ह्यात चहाच्या मळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला. त्याच्या पेटीतल्या एका बंगाली पंचांगावर तपकिरी डाग होते. त्या डागातला अंगठ्याचा ठसा कार्यालयातल्या कागदाशी जुळला. कागद होता कांगाली चरण नावाच्या, पूर्वी शिक्षा झालेल्या माणसाचा. न्यायालयानं त्याला चोरीबद्दल शिक्षा केली, खुनाबद्दल सोडून दिलं. पंचांगाला त्याचा हात लागला हे ठशानं सिद्ध झालं होतं. त्याच हातानं खून केला हे पाहणारा कुणी नव्हता. रक्तानं माखलेला पुरावा समोर असताना तो जेवढं सांगतो तेवढंच ऐकायचं, त्याच्यापुढे एक पाऊल जायचं नाही! मी ते पान तीनदा वाचलं.

पुरावा शोधणं इतकं कष्टाचं असेल तर पोलीस आडवाट का धरतात, तेही मला याच अभ्यासात कळलं. १८७२ चा भारतीय पुरावा कायदा जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी रचला. त्यांना एका जाणत्या मुलकी अधिकाऱ्यानं यामागचं कारण सांगितलं होतं. उन्हातान्हात पुरावा धुंडाळत हिंडण्यापेक्षा सावलीत बसून एखाद्या गरिबाच्या डोळ्यांत तिखट घालणं सोयीचं जातं, एवढंच ते कारण. या कायद्याचं कलम २५ सांगतं, पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा होत नाही. हेच आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. म्हणजे कायद्यानं पोलिसाला बजावलंय, बाबा रे, सावलीतून ऊठ. मी अभ्यास करत होतो तेव्हाच, १ जुलै २०२४ ला, हे नवे कायदे लागू झाले. माझी पुस्तकं जुनी, परीक्षा नव्याच्या उंबरठ्यावर. मी प्रत्येक जुन्या कलमाच्या बाजूला पेन्सिलनं नवा आकडा लिहीत गेलो.

जुन्या कायद्यातलं कलम ६०, नव्यातलं ५५, माझं सर्वांत आवडतं. तोंडी पुरावा थेट असला पाहिजे. पाहिल्याची गोष्ट असेल तर ज्यानं पाहिलं त्यानंच सांगायची. ऐकल्याची असेल तर ज्यानं स्वतः ऐकलं त्यानं. या कलमावर स्वाध्याय लिहायचा होता. मी उदाहरण घेतलं ते आमच्या गावच्या सर्वांत जुन्या साक्षीदाराचं.

रेवदंड्यात शाळेच्या आवारात एक स्तंभ आहे. अफानासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याच्या स्मरणार्थ उभारलेला. पंधराव्या शतकात, १४७० च्या आसपास, तीन समुद्र ओलांडून तो चौलच्या बंदरात उतरला. पोर्तुगीज यायला अजून वेळ होता, आज दिसतो तो किल्ला नव्हता. निकितिननं आपल्या वहीत लिहून ठेवलं की इथली माणसं उघड्या डोक्यानं फिरतात, केसांची एकच वेणी घालतात, अंगावर कपडा फारसा नसतो, आणि मी गोरा म्हणून माझ्यामागे घोळका लागतो. ही साक्ष सरळ आहे. तो इथे होता, त्यानं पाहिलं, आणि आपण स्वतः कसे दिसलो असू हेही लिहिलं. पुढे जुन्नरला त्याचा घोडा काढून घेतला गेला, धर्म बदलण्याचा दबाव आला. तेही त्याच्यावर गुदरलेलं. पण त्याच वहीत रात्री उडणारा आणि तोंडातून आग टाकणारा 'गुकुक' पक्षी आहे. आपल्या राजाची फौज बाळगणारी माकडं आहेत. हे त्यानं पाहिलं नव्हतं, लोकांकडून ऐकलं होतं. माणूस एकच, वही एकच, प्रामाणिकपणाही एकच. तरी चौलची माणसं पुराव्यात येतात आणि आग टाकणारा पक्षी येत नाही. खोटं बोलणारा साक्षीदार ओळखता येतो. अडचण होते ती खऱ्या माणसानं ऐकलेलं पाहिल्यासारखं सांगितलं की.

स्वाध्याय परत आला. तपासणाऱ्यानं समासात लाल शाईनं लिहिलं होतं, 'उदाहरण अभ्यासक्रमाबाहेरचे. मुद्दा बरोबर.' दहापैकी सात गुण.

आता ज्या कारणानं मी या अभ्यासाकडे गेलो ते सांगतो. फेब्रुवारी १९९३ मध्ये आमच्याच जिल्ह्यात, श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीच्या किनाऱ्यावर, ३ आणि ७ तारखेला शस्त्रं आणि आरडीएक्स उतरवलं गेलं. १२ मार्चला मुंबईत एकामागोमाग स्फोट झाले. २५७ माणसं मेली. त्या मेलेल्यांत कोण नव्हतं? आमच्या किनाऱ्यानं ते मरण वाहून नेलं ही लाज आम्हा सगळ्यांच्या वाट्याला आली, आणि आमच्यातल्या काहींच्या वाट्याला लाजेबरोबर संशय आला.

मी तेव्हा बावीस वर्षांचा. एप्रिलमध्ये मला एका ठाण्यात बोलावलं. कुठल्या ते सांगण्याची गरज नाही. तिथल्या तरुण फौजदाराकडे खबर होती की ३ फेब्रुवारीच्या रात्री मी घरी नव्हतो. खबर खरी होती. मी पेणला कविसंमेलनाला गेलो होतो. "कविसंमेलन? साक्षीदार कोण?" मी मित्रांची नावं सांगितली. "मित्र तर तुझ्याच बाजूनं बोलणार." हे त्याचं म्हणणंही खोटं नव्हतं. तीन दिवस मी सकाळी जाऊन बाकावर बसायचो आणि रात्री घरी यायचो. अब्बा बाहेर पायरीवर डबा घेऊन बसायचे. मला कुणी मारलं नाही. फक्त त्या खोलीत सगळ्यांना माझ्याविषयी आधीच काहीतरी माहीत होतं आणि ते काय आहे ते मला माहीत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी माझी कवितांची वही चाळताना एका म्हाताऱ्या हवालदाराला तिच्यात एस.टी.चं तिकीट मिळालं. परतीच्या प्रवासात सुचलेल्या दोन ओळी मी त्याच्या पाठीवर खरडल्या होत्या, म्हणून ते राहिलं होतं. तेव्हाची तिकिटं छापील असत, वाहक त्यांना टिकटिक करून भोकं पाडायचा. तारीख नसायची, पण क्रमांक असायचा. आणि कुठल्या फेरीला कुठल्या क्रमांकापासून कुठपर्यंत तिकिटं गेली, ते वाहकाच्या वेबिलात उतरलेलं असायचं. हवालदारानं क्रमांक कागदावर लिहून घेतला आणि एप्रिलच्या उन्हात डेपोत गेला. संध्याकाळी परत आला. माझं तिकीट ३ फेब्रुवारीच्या रात्री पेणहून सुटलेल्या शेवटच्या गाडीतलं होतं. मला जायला सांगितलं.

बाहेर आल्यावर अब्बांनी त्याचे हात धरले आणि विचारलं, "हवालदारसाहेब, तुम्ही एवढं डेपोत कशाला गेलात?" त्याला प्रश्नच नीट कळला नाही. म्हणाला, "नंबर होता ना!"

तीस वर्षांनी अभ्यासाच्या पुस्तकात टाडा कायद्याचं कलम १५ वाचलं. साध्या कायद्यात पोलिसापुढची कबुली चालत नाही. टाडात पोलीस अधीक्षक किंवा त्याच्या वरच्या अधिकाऱ्यापुढची चालत होती. तो कायदा १९९५ साली संपला. पण १९९३ च्या एप्रिलमध्ये तो जिवंत होता आणि मी बावीस वर्षांचा, घाबरलेला, समोर ठेवाल त्या कागदावर सही करेन अशा अवस्थेत होतो. माझ्यासमोर तसा कागद ठेवला गेला नाही. पुस्तक मिटून मी बराच वेळ अंगणात बसलो होतो.

पण त्याच अभ्यासानं मला दुसरी बाजूही दाखवली आणि ती सांगितली नाही तर माझीच साक्ष अर्धी राहील. बॉम्बस्फोटांचा छडा अफवांनी लागला नाही. वरळीत टाकून दिलेल्या मारुती व्हॅनमध्ये शस्त्रं सापडली. व्हॅनच्या नोंदणीवरून माहीमचं घर सापडलं. त्या घरात मिळालेली किल्ली दादरला न फुटता राहिलेल्या स्कूटरला लागली. आमच्या हवालदारानं केलं तेच हे, फक्त मोठ्या पटावर. क्रमांक होता, त्याच्यामागे कुणीतरी गेलं. २००६-०७ मध्ये विशेष न्यायालयानं शंभर जणांना दोषी ठरवलं आणि मार्च २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. त्या शंभरांत माल उतरवणारे होते, तसे पैसे घेऊन वाट मोकळी करून देणारे कस्टमचे आणि पोलीस दलातले लोकही होते. ती नावं एका धर्माची नाहीत. तपास नीट झाला की गुन्हेगाराला नाव मिळतं, आणि ते मिळालं की बाकीच्या गावाची सुटका होते. निरपराध माणसाला चांगला तपास पोलिसापेक्षा जास्त हवा असतो, हे मला तेव्हा कळलं.

पाहिलेलं खरं असूनही माणूस फसू शकतो, हेही या किनाऱ्यानं पाहिलंय. १८ ऑगस्ट २०२२ ला हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक बेवारस नौका लागली. आत तीन एके-४७ रायफली आणि काडतुसं. कल्पना नव्हती, रायफली हाताला लागत होत्या. जिल्हाभर नाकाबंदी झाली. गावोगावी माणसांनी मनात निकालही देऊन टाकला. संध्याकाळपर्यंत सरकारनं सांगितलं की नौका एका ऑस्ट्रेलियन बाईची, मस्कतहून युरोपला निघालेली. इंजिन बिघडलं, माणसांना दुसऱ्या जहाजानं वाचवलं, आणि रिकामी नौका वाहत इकडे आली. रायफली खऱ्या होत्या. त्यांच्याभोवती आम्ही रचलेली गोष्ट खरी नव्हती.

आता पुन्हा ६ जुलैच्या रात्रीकडे. माझ्या वहीत डाव्या बाजूला, 'पाहिलेलं' खाली, दोनच ओळी आल्या. पोलिसांच्या गाड्या गेल्या. आपला शिपाई रेनकोट घालून नाक्यावर उभा आहे. रडारवर काहीतरी दिसलं, ही गोष्ट मी डावीकडे लिहिणार होतो, पण ती मी पाहिलेली नव्हती. ती उजवीकडे गेली. मग पाकिस्तान, उतरलेली माणसं, कुणाचं तरी घर, सगळं उजवीकडे. पान भरलं.

मध्यरात्रीनंतर शेजारचे भाऊ छत्री घेऊन आले. आमची चाळीस वर्षांची ओळख. १९९३ साली अब्बांबरोबर पायरीवर एक दिवस तेही बसले होते. ओट्यावर उभ्या उभ्या त्यांनी विचारलं, "भाई, खरं काय असेल?" प्रश्न साधा होता, पण तो त्यांनी मला विचारला, हे मला थोडं टोचलं. मग वाटलं, नाहीतर कुणाला विचारणार? या आळीत पोलिसी शिकलेला मीच एक. मी वही त्यांच्यापुढे धरली. त्यांनी चष्मा लावून दोन्ही बाजू वाचल्या. म्हणाले, "म्हणजे आपल्याला काहीच ठाऊक नाही की!" मी म्हटलं, तेवढं तरी ठाऊक झालं. मग आम्ही दोघं चहा करून पावसाकडे बघत बसलो. पावसाळी मासेमारीबंदीचे दिवस. बाहेर एकही होडी नव्हती. समुद्राचा आवाज मात्र घरापर्यंत येत होता.

पोलीस, तटरक्षक दल, नौदल असे सगळे त्या खवळलेल्या समुद्रात शोध घेत होते. घ्यायलाच हवा होता. १९९३ आणि २००८ पाहिलेल्या किनाऱ्यावर रडारवरचा ठिपका कुणी दुर्लक्षून चालणार नाही. मग पोलिसांनी खुलासा केला. बोट नव्हतीच. पाकिस्तानी मच्छिमारांच्या जाळ्याला बांधलेला, ठावठिकाणा कळवणारा तरंगता बोया वाहत इकडे आला होता. फोनवरच्या बातम्या थांबल्या. 'कुणाच्या तरी घरात' म्हणणारा मात्र कुणी परत येऊन 'चुकलो' म्हणाला नाही. ऐकीव गोष्टीला मालक नसतो, त्यामुळे माफी मागायलाही कुणी नसतं.

पदविका मिळाली. दुसरा वर्ग. प्रमाणपत्र कपाटात आहे, त्याचा उपयोग विचाराल तर नोकरीला शून्य. पण गावातली चार-पाच मुलं-मुली पोलीस भरतीची तयारी करतात, कोळ्यांची, आगऱ्यांची, आमच्यातलीही. पहाटे ती वाळूत धावतात. रविवारी माझ्या ओट्यावर येतात. मी त्यांना कायदा शिकवत नाही, माझा तेवढा अधिकार नाही. एखादी बातमी वाचायला देतो आणि वहीत रेघ मारायला सांगतो.

पुस्तकं सध्या त्या शिपायाकडे आहेत. त्याची बी.ए. झाली, आता फौजदारकीच्या खात्यांतर्गत परीक्षेला बसायचं म्हणतो. पुस्तकं नेताना त्यानं विचारलं, "सर, समासातले पेन्सिलचे आकडे नव्या कायद्यातले ना? पाठ करू?" मी म्हटलं, "माझ्या सांगण्यावर जाऊ नकोस. एकेक आकडा मूळ कायद्याशी ताडून बघ. मी चुकलेला असेन."

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)